करंज की कडुनिंब? अक्रोडाचं झाड ओळखण्याची एक देशी रीत

पेन्सिल्व्हेनियात घर घेतलं त्या वर्षी मागच्या अंगणातल्या उंच झाडाला मी चार महिने महारुख समजत होतो. नगरकडच्या आमच्या गावात शाळेसमोर महारुख होता, त्याची अशीच लांबलचक पानं लोंबायची. म्हणून निर्धास्तपणे झाडाच्या पलीकडच्या उन्हात टोमॅटो आणि वांगी लावली. जुलैत रोपं माना टाकू लागली. पाणी वाढवलं, खत घातलं, तरी एकेक करून सगळी गेली. सप्टेंबरात एका रात्री शेडच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी पडलं. सकाळी बघतो तर पेरूएवढा हिरवा गोळा! सोलला, तेव्हा आत काळं, खरखरीत अक्रोड निघालं.

तेव्हापासून नव्या मंडळींना झाड दाखवताना मी पुस्तकातली भाषा वापरत नाही. आपल्या डोळ्यांत गावची झाडं पक्की बसलेली असतात, त्यांचंच माप लावायचं. करंज, कडुनिंब, महारुख, बिब्बा आणि ज्वारीचं ताट एवढं माहीत असेल तर अक्रोड ओळखता येतो. सोबत एक छोटा चाकू आणि जुने हातमोजे ठेवा. हातमोजे का, ते पुढे येईलच.

पायरी १ : आपण उभे कुठे आहोत?

पानाकडे बघण्याआधी नकाशाकडे बघा. अर्धं काम तिथेच होतं.

मुंबई-पुण्याच्या एखाद्या जुन्या बागेत, कोकणात किंवा गोव्यात कुणी ‘हे अक्रोडाचं झाड’ म्हणून दाखवलं, तर ते बहुतेक रान अक्रोड असतं. नाव सोडलं तर अक्रोडाशी त्याचं काही नातं नाही, ते एरंडाच्या कुळातलं. त्याचं पान एकसंध, रुंद, कोवळेपणी तीन-पाच कोनांचं, आणि नव्या पालवीवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका थर. फळात एक-दोन टणक बिया असतात आणि त्या फोडल्या की गर खरंच अक्रोडासारखा दिसतो. इथेच लोक फसतात. हा गर कच्चा खाल्ला तर ओकाऱ्या आणि जुलाब ठरलेले. इंडोनेशियात तो भाजून वाटणात घालतात, हवाईत पूर्वी त्या तेलकट बियांचे दिवे लावायचे. पण तो त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. आपण चाखून बघू नये.

खऱ्या अक्रोडाला हिवाळ्यात थंडीची झोप लागते. म्हणून भारतात तो हिमालयात, साधारण १००० ते ३३०० मीटर उंचीवर भेटतो. काश्मीर, चंबा, कुलू, किन्नौर, गढवाल, कुमाऊं या पट्ट्यात शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, घराच्या अंगणात तो दिसतो. शास्त्रीय नाव जुगलान्स रेजिया. काश्मिरीत त्याला ‘डून’ म्हणतात. आपल्या किराणा दुकानात येणारा अक्रोड तो हाच.

न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, इलिनॉय अशा पूर्व आणि मध्य अमेरिकेत राहत असाल, तर अंगणात आपोआप उगवलेलं झाड जुगलान्स नायग्रा, म्हणजे काळा अक्रोड असण्याची शक्यता जास्त. कॅलिफोर्नियाची गंमत वेगळी आहे, ती सालीच्या पायरीत सांगतो.

पायरी २ : पान सुरू कुठे होतं?

नवख्याची पहिली चूक इथे होते. अक्रोडाचं पान संयुक्त असतं. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना जी पानं दिसतात त्या पर्णिका, आणि दांडीसकट सगळं मिळून एक पान. पाडव्याला गुढीला कडुनिंब बांधतो, त्यातल्या एकेका दांडीवर वीस-पंचवीस ‘पानं’ असतात ना? ती दांडी म्हणजे एक पान.

खात्री हवी असेल तर कळी शोधा. पान फांदीला जिथे चिकटतं त्या बेचक्यात कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती कधीच नसते.

आता फांदीवर पानांची मांडणी बघा. एक पान डावीकडे, पुढचं थोडं वर उजवीकडे, असं आळीपाळीने असेल तर पुढे चला. दोन पानं समोरासमोर जोडीने निघत असतील तर तो अक्रोड नाही. अमेरिकेत असं झाड बहुधा अ‍ॅश निघतं. दहा सेकंदांची तपासणी, पण एक मोठा गट बाद होतो.

पायरी ३ : मोजा, आणि कडा बोटाने चाचपा

माझी सगळी रीत या पायरीवर उभी आहे.

करंजाचं पान डोळ्यांसमोर आणा. पाच, सात, फार तर नऊ पर्णिका, कडा गुळगुळीत, टोकाची पर्णिका सर्वांत मोठी. हेच पान दीड-दोन पट मोठं करा, चकाकी थोडी कमी करा, की झाला हिमालयातला अक्रोड. पान २५ ते ४० सेंटीमीटर लांब, टोकाची एकच पर्णिका तळहाताएवढी, आणि दांडीच्या बुडाची जोडी सगळ्यांत लहान. लहान रोपांच्या कडेला कधी हलके दाते दिसतात, त्यामुळे मोठ्या झाडाचंच पान बघा.

आता कडुनिंब आठवा. भरपूर पर्णिका, निमुळत्या, कडेला करवतीसारखे दाते, आणि टोकाची पर्णिका बऱ्याचदा गायबच. हेच पान दोन फुटांपर्यंत ताणा, की अमेरिकेतला काळा अक्रोड समोर येतो. पर्णिका साधारण १५ ते २३. टोकाची असलीच तर किरकोळ, उगाच चिकटवल्यासारखी.

म्हणून झाडाखाली उभं राहिल्यावर पहिला प्रश्न : करंज की कडुनिंब?

दोन्हीत न बसणारी पानं भेटतील, त्यांचाही माग काढता येतो. पर्णिका पाच ते नऊच, पण कडेला दाते आहेत आणि तुम्ही पूर्व अमेरिकेत आहात? तो हिकरी, अक्रोडाचा चुलतभाऊ. पर्णिका भरपूर, कडा जवळजवळ गुळगुळीत, फक्त प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक-दोन बोथट दाते? मग तो महारुखाचा चिनी भाऊ, ज्याला अमेरिकेत ‘ट्री ऑफ हेवन’ म्हणतात. १७८४ साली कुणा हौशी माणसाने तो फिलाडेल्फियाच्या बागेत आणून लावला आणि आज तिथल्या रेल्वेमार्गांच्या कडेला तो आपल्याकडच्या गाजरगवतासारखा माजला आहे. म्हणजे त्या वर्षी मी अगदीच वेड्यासारखा चुकलो नव्हतो. महारुखाचं भावंड इथे खरंच माजलेलं आहे, फक्त माझ्या अंगणातलं झाड ते नव्हतं.

पायरी ४ : वास, पण आधी चीक बघा

पान चुरगाळून वास घेणं ही झटपट परीक्षा आहे, आणि तीच आंधळेपणाने केली तर महागात पडते. बिब्बा उतला की काय होतं हे गावाकडे वाढलेल्याला सांगायला नको. बिब्ब्याच्याच कुळातली, तसाच चीक असलेली झाडं हिमालयातही आहेत आणि अमेरिकेतही, आणि त्यांची पानं करंजाच्या साच्याची, गुळगुळीत कडांची असतात. अमेरिकेतला पॉयझन सुमॅक दलदलीत, ओल्या जागी वाढतो. त्याची पानाची दांडी लालसर आणि फळं म्हणजे बारीक पांढुरक्या मण्यांचे लोंबते घोस. हिमालयातल्या भावंडांच्या सालीतून किंवा देठातून निघणारा चीक हवा लागली की काळा पडतो.

तेव्हा हातमोजा घालून गळालेल्या ताज्या पानाचा देठ मोडा. पांढरा चीक आला तर तो अक्रोड नव्हे. पान खाली टाका आणि लांब व्हा. जमिनीवर एखादं अक्रोडाचं कवच सापडलं तर मात्र निम्मी भीती गेली.

चीक नसेल तर पर्णिका चुरगाळा. अक्रोडाचा वास लिंबाची साल आणि नुकतंच पॉलिश केलेलं लाकूड एकत्र केल्यासारखा असतो, तीव्र पण किळसवाणा नाही. एकदा घेतलात की विसरत नाही. ट्री ऑफ हेवनचा वास खवट शेंगदाण्यांचा. उन्हाळ्यात उघडाच राहिलेला दाण्याच्या कुटाचा डबा, बस्स तोच.

पायरी ५ : काडी चिरा

आतापर्यंतच्या खुणांवर वाद घालता येईल, या खुणेवर नाही.

ज्वारीचं ताट सोललं की आत पांढरं भेंड असतं, सलग आणि मऊ. बहुतेक झाडांच्या कोवळ्या काडीतही असंच सलग भेंड असतं. अक्रोडाच्या काडीत मात्र भेंडाचे पातळ आडवे पडदे आणि मधे रिकामे कप्पे असतात. पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची काडी घ्या आणि चाकूने तिरकी, लांब चिरा. आत बारीक शिडी दिसेल. अगदी कोवळ्या शेंड्यात कप्पे अजून पडलेले नसतात, म्हणून हिरवा शेंडा चिरून ‘शिडी नाही’ असा निकाल देऊ नका.

हिकरीत शिडी नाही, ट्री ऑफ हेवनमध्ये नाही, सुमॅकमध्ये नाही. पानं झडलेली असोत, फळ नसो, झाड आजारी असो, शिडी दिसली की तुम्ही अक्रोडाच्या दारात आहात.

रंगही बघा. काळ्या अक्रोडाची शिडी फिकट तपकिरी, दूध जास्त झालेल्या चहासारखी. गडद चॉकलेटी निघाली तर तो बटरनट, अमेरिकेतला पांढरा अक्रोड. त्याचं फळ लांबट आणि हाताला चिकटणारं असतं. १९६७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये प्रथम नोंदल्या गेलेल्या एका बुरशीने ही झाडं जंगलांतून झपाट्याने कमी झाली आहेत. धडधाकट बटरनट सापडला तर राज्याच्या वनखात्याला जरूर कळवा.

एक विनंती. काडी शक्यतो खाली पडलेली घ्या, नाहीतर मालकाला विचारा. काश्मीरमध्ये तर विचारल्याशिवाय चाकू बाहेरच काढू नका. तिथे अक्रोड हे घरचं उत्पन्न असतं, आज्याने लावलेलं झाड नातू झोडपतो, आणि झाड तोडायला कायद्याने परवानगी लागते.

पायरी ६ : साल

इथे मी रेंगाळत नाही, कारण साल वयाप्रमाणे बदलते. हिमालयातल्या तरुण अक्रोडाची साल गुळगुळीत आणि राखाडी, लांबून चंदेरी दिसते. म्हातारपणी तिला उभ्या रुंद भेगा पडतात. काळ्या अक्रोडाची साल गडद आणि खोल खाचांची, आणि खाचा एकमेकींना छेदत शंकरपाळ्यांसारखे चौकोन करतात. पंजाबापासून काश्मीरपर्यंत बाजारात ‘दंदासा’ नावाने सालीचे तुकडे मिळतात. बायका ते दातांना घासतात, दात स्वच्छ होतात आणि ओठ तांबूस रंगतात. ती अक्रोडाचीच साल.

आता कॅलिफोर्नियाची गंमत. सॅक्रामेंटो ते मोडेस्टो हायवेच्या दोन्ही बाजूंना बागा लागतात, तिथे एखाद्या जुन्या बागेजवळ गाडी थांबवून खोड बघा. खाली गुडघ्या-मांडीपर्यंत काळं, खडबडीत, आणि वर एकदम उजळ, गुळगुळीत. पँट आणि शर्ट वेगळ्या रंगाचे घातल्यासारखं. खाली काळ्या जातीचा किंवा संकराचा खुंट आणि वर आपला खाण्याचा अक्रोड, असं ते कलम असतं. तिथे फार चालणारा ‘पॅराडॉक्स’ हा संकरित खुंट ल्यूथर बरबँक या रोपवाटिकावाल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आणला. एकाच झाडावर दोन जातींची साल शेजारी शेजारी बघायला मिळते, यापेक्षा चांगला धडा नाही.

पायरी ७ : तुरे आणि फळं

एप्रिल-मेमध्ये, पालवी तांबूस असतानाच, गेल्या वर्षीच्या काडीवरून हिरवट-पिवळे तुरे लोंबतात. ते नर. मादी फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला दोन-चारच्या झुबक्यात असतात आणि इतकी बारीक की मुद्दाम शोधावी लागतात : हिरवा फुगीर दाणा आणि वर पिसासारखे दोन तुकडे. परागण वाऱ्याने होतं. पण एकाच झाडाचे तुरे आणि मादी फुलं सहसा एका वेळी तयार होत नाहीत, म्हणून एकट्या झाडाला अक्रोड कमी लागतात. अंगणातल्या झाडाला फळ का नाही असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, शेजारी दुसरं आहे का?

फळाची खूण सोपी. हिमालयातल्या अक्रोडाचं हिरवं टरफल सप्टेंबरच्या सुमारास आपोआप तडकतं आणि आतलं कवच सुटून पडतं. काळ्या अक्रोडाचं टरफल तडकत नाही. ते झाडावरून गोळ्यासारखं पडतं आणि जमिनीवर काळं पडून कुजतं. आतलं कवच खोल खाचांचं आणि इतकं टणक की अडकित्त्याने काही होत नाही, हातोडाच लागतो. कुजक्या टरफलात पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. एक माशी टरफलात अंडी घालते, तिची ती पिल्लावळ. आतल्या गराला सहसा काही होत नाही. हिकरीचं टरफल चार फाकांत उघडतं, हा फरकही लक्षात ठेवा.

काश्मीरमध्ये फळाच्या आकारावरून जात ठरवायला जाऊ नका. तिथली जुनी झाडं बहुतांशी बियांपासून वाढलेली, म्हणून प्रत्येक झाडाचं फळ वेगळं. लोक ते कवचावरून ओळखतात : बोटांनी दाबून फुटेल ते ‘कागजी’, मधलं ते ‘बुर्झुल’, आणि दगडासारखं ते ‘वोंठ’. सप्टेंबरात गेलात तर रस्त्याकडेला ओले अक्रोड मिळतील. गरावरचं पिवळसर कडू साल नखाने सोलून पांढरा गर खा. ओल्या खोबऱ्याच्या जवळ जाणारी चव आहे आणि सुक्या अक्रोडाशी तिचा काही संबंध नाही. विकणाऱ्याचे हात काळे का, हे विचारायची गरज पडणार नाही.

कारण टरफलाच्या रसाचा डाग. यासाठीच हातमोजे. पहिल्या वर्षी मी दोन बादल्या टरफलं नुसत्या हातांनी सोलली आणि घटस्थापनेला पूजा करायला बसलो तो मेहंदी बिघडल्यासारखे हात घेऊन. साबण, लिंबू, चिंच, रॉकेल, काही उपयोग नाही. कातडीच झिजावी लागते, दसरा होऊन गेला तरी नखं तपकिरी होती.

हिवाळ्यात काय करायचं?

पानं नसतील तर काडीवरचा वण बघा, म्हणजे पान गळाल्यावर उरलेली खूण. अक्रोडाचा वण मोठा, तीन कोनांचा, आणि आत तीन ठिपकेदार कमानी : दोन डोळे, एक तोंड. हुबेहूब माकडाचं थोबाड. मुलांना सोबत न्या, त्यांना हे आपल्याआधी सापडतं. बटरनटच्या वणावर वरच्या कडेला केसांची बारीक पट्टी असते, म्हणजे माकडाला जाड भुवई. काळ्या अक्रोडाला ती नसते. मग काडी चिरून शिडी बघा आणि विषय संपवा.

आणि माझे टोमॅटो

झाड काळा अक्रोड ठरला तर भाजीच्या वाफ्यांचा नकाशा बदला. त्याच्या मुळांत, पानांत, टरफलात जुग्लोन नावाचं द्रव्य असतं. टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची ही मंडळी त्याच्या जवळपास सुकतात असा बागवानांचा जुना अनुभव. सगळा दोष जुग्लोनचा की झाडाची सावली आणि पाण्याची हावही तितकीच जबाबदार, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मेलेल्या वांग्याला त्याने फरक पडत नाही. मोठ्या झाडापासून निदान ५० फूट लांब राहा. तेवढी जागा नसेल तर उंच लाकडी वाफ्यात नवी माती भरून लावा, आणि पडलेली पानं, टरफलं त्या वाफ्यात जाऊ देऊ नका. कांदा, गाजर, बीट, मका, घेवडा सहसा तग धरतात. लाकडाचा भुसा घोड्यांखाली अंथरला तर त्यांचे खूर सुजतात, आणि बुरशी आलेली टरफलं चघळून कुत्री आजारी पडतात, म्हणून कुत्रा असेल तर शरद ऋतूत रोज अंगण झाडा.

झाड मात्र तोडू नका. माझ्याकडे वांग्यांनी आता घरासमोरचा कोपरा धरला आहे, मागे झाडाखाली कांदे आहेत, आणि सप्टेंबर लागला की शेडच्या पत्र्यावर मी जुनी सतरंजी टाकून ठेवतो.